लघुग्रहाची माहिती वाचताना

नव्या लघुग्रहाचा 'आकार' लगेच खरा धरू नकोस. बहुतेक वेळा मोजलेली असते ती फक्त चमक. समज, निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून दिसेल त्या चमकेचा आकडा) २४ आहे. पृष्ठभाग २५ टक्के प्रकाश परावर्तित करत असेल तर व्यास साधारण ४२ मीटर; कोळशासारखा काळा, जेमतेम ५ टक्केवाला असेल तर तोच ९४ मीटर. दुपटीहून जास्त!

मग कक्षा. अर्धदीर्घ अक्ष (लांबट कक्षेच्या सर्वांत लांब व्यासाचा अर्धा भाग) एका खगोलीय एककाहून, म्हणजे पृथ्वी-सूर्याच्या सरासरी अंतराहून, मोठा आणि कक्षा पृथ्वीची कक्षा छेदणारी, तर गट अपोलो. पण नकाशावर रेषा छेदल्या म्हणून घाबरू नकोस (मीही घाबरायचो). कल, म्हणजे कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला किती तिरकी आहे ते, पाहा; बऱ्याचदा एक वाट दुसरीच्या बरीच वरून जात असते.

आणि निरीक्षणं किती दिवसांची आहेत, हे आधी बघ. '२०२४ वायआर४' या लघुग्रहाची २०३२ मधली पृथ्वीवरच्या धडकेची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांवर चढली आणि आठवड्याभरात जवळपास शून्यावर आली. दगडाने वाट बदलली नव्हती, आपली मोजमापं सुधारली होती. चार दिवसांच्या निरीक्षणांवरून पन्नास वर्षांनंतरचं भाकीत कुणी सांगितलं, तर ऐकून सोडून दे.