वळवाच्या सरीवर भात टाकायची घाई नको

मुरबाड, शहापूर, कल्याण आणि भिवंडी तालुक्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे खाली देत आहे.

मुरबाडकडून सर्वाधिक विचारलेला प्रश्न: "दोन दिवस संध्याकाळी दणकून पाऊस झाला. राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जागा) भाजून तयार आहे. धूळवाफ्यावर (कोरड्या मातीच्या वाफ्यावर) भात टाकू का?"

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी हाताशी असेल तर टाका. नसेल तर थांबा, कारण तो पाऊस वळवाचा होता. मे महिन्यात जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्राकडून आलेले बाष्पही तिच्याबरोबर वर जाते. दुपारपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर ढग फुगू लागतात आणि संध्याकाळी ते खाली आपल्याकडे सरकतात. म्हणून हा पाऊस बहुधा पूर्वेकडून, घाटाच्या अंगाने येतो. वारा, विजा, तासभर धिंगाणा आणि मग आभाळ मोकळे. एका पाड्यात खाचर भरते, तर ओढ्यापलीकडच्या पाड्यात धूळ उडत असते. (या ढगांत विजा फार. अशा वेळी झाडाखाली उभे राहू नका. मोबाइलवर विजेची सूचना देणारे 'दामिनी' अ‍ॅप असू द्या.)

मोसमी पावसाची तऱ्हा वेगळी. वारा पश्चिम-नैऋत्येकडून धरतो आणि सोडत नाही. ढग खाली उतरलेले, गडगडाट कमी, रात्री आणि पहाटेही सरी. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे दुपारचा उकाडा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी परत येत नाही. मुंबई परिसरात मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, पण तो ती पाळतोच असे नाही. 2023 मध्ये तो 25 जूनला आला आणि 2025 मध्ये 26 मे रोजीच. त्यामुळे कॅलेंडर बघून पेरणी ठरवू नका, माती बघून ठरवा.

ती अशी बघायची: वाफ्यात कुदळीने वीतभर खणा आणि तळाची माती मुठीत दाबा. गोळा होऊन टिकला तर ओल पुरेशी आहे. वरची चार बोटे ओली आणि खाली ढेकूळ कोरडे असेल तर बी रुजेल, पण पुढे चार दिवस कडक ऊन पडले की कोंब जळून जाईल आणि दुबार पेरणीचा खर्च माथी बसेल. तोवर बियाणे तयार करून ठेवा. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडा. तरंगणारे पोचट बी काढून टाका, तळाचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.

शहापूरहून थोडी रागावलेली तक्रार आहे: "ठाणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट होता आणि आमच्याकडे थेंब नाही. हा कसला अंदाज?"

राग समजतो, पण अंदाजातले शब्द नीट वाचायला हवेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर पाव भागात. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या भागात, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून अधिक. 'मुसळधार' शब्दालाही माप आहे: 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा अधिक, आणि हे 24 तास सकाळी साडेआठपासून मोजतात. तेव्हा 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हा इशारा तुमचे गाव कोरडे राहूनही खरा ठरू शकतो.

त्यात आपला जिल्हा खाडीपासून थेट माळशेजच्या पायथ्यापर्यंत पसरलेला. समुद्रावरचा वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो आणि दर किलोमीटरला साधारण 6 अंशांनी थंड होतो. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते घाटाच्या अलीकडेच सांडते. ओल्या टॉवेलला पीळ द्यावा तसेच. घाट ओलांडून जुन्नरकडे उतरलात की पाऊस झपाट्याने कमी होतो, तो यामुळे. ठाणे शहराचा आकडा घाटाजवळच्या टोकावड्याला लावू नका, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, अर्थात गुंठ्याला सुमारे 100 लिटर पाणी.

कल्याणहून एका आजोबांनी विचारले आहे की मृग हल्ली का चुकतो. आजोबा, सूर्य मृगात 7-8 जूनच्या सुमारास बिनचूक जातो. पाऊस मात्र समुद्राचे तापमान आणि वाऱ्याच्या जोरावर येतो. एखादे वर्ष चुकले म्हणून हवामान बदलले असे म्हणता येत नाही, त्यासाठी निदान 30 वर्षांची सरासरी बघतात. मात्र हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरते, म्हणून थोड्या वेळात खूप पाऊस कोसळण्याचा धोका वाढतो. सगळ्या शेतात एकच वाण लावू नका. वरकस, उताराच्या जागी हळवे (लवकर तयार होणारे) भात घ्या, पाणी धरणाऱ्या खोल खाचरात गरवे (उशिरा तयार होणारे).

भिवंडीच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांना खारे पाणी शिरण्याची धास्ती आहे. ती रास्त आहे. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात आणि त्यानंतर एक-दोन दिवस उधाण सर्वांत मोठे असते. त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल तर शेतातले पाणी खाडीत जाऊ शकत नाही. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांचे गोडे पाणी खाचरात साठवून ओहोटीला सोडून द्या, जमिनीतला क्षार त्याबरोबर निघून जातो. वाण 'पनवेल' मालिकेतला क्षार सोसणारा घ्या. आणि उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप गाळाने अडकली असेल तर येत्या अमावस्येच्या आत गावकीने मिळून ती मोकळी करा, बांधाची खेकड्यांची बिळेही त्याच दिवशी चिखलाने बुजवून घ्या.