जीपमागची होडी

प्रश्न : मी सोलापूरचा, यंत्रमागवाला. जीपमागे ओढून उजनीला, कधी कोकणात नेता येईल आणि आत दोघं झोपू शकतील, अशी शिडाची होडी बांधायची आहे. कील, म्हणजे तळाखालची उभी पाती, कशी ठेवू?

उत्तर : स्थिर, खोल कील नकोच. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरतं, काठाला नुसता गाळ. तिथं वर उचलता येणारीच हवी. वर उचलल्यावर ती जिच्यात बसते ती पेटी मात्र केबिनच्या मधोमध येते, गुडघ्याला लागते. मी तिच्यावरच जेवणाचं टेबल बसवलं. बायको अजून हसते. होडी कलंडू नये म्हणून लागणाऱ्या भारासाठी तळात पाण्याची टाकी करा. काठावर रिकामी केली की ओढायला हलकी. पण पाणी शिशाइतकं जड नव्हे, म्हणून टाकी अगदी खाली. रुंदी अडीच मीटरच्या आत. डोलकाठी बुडाशी बिजागरीवर, आणि विजेच्या तारांखाली ती आडवीच हं!