मैदानातल्या गप्पा : जोडी कुणाची, कुणासमोर?

प्रश्न : मुलगा एडमंटनला असतो. त्याच्या नादाने आम्ही दोघं सकाळी साडेसातला चहा घेऊन आइस हॉकी बघतो. एडमंटन ऑयलर्स संघाचे मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल कधी एका लाइनमध्ये (एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डच्या गटात) दिसतात, कधी वेगळे. मी वहीत लाइनी लिहून ठेवते, पण सामन्याच्या तीन पिरियडपैकी पहिल्याची यादी तिसऱ्यात चुकते. बचावातल्या जोड्या मात्र फारशा मोडत नाहीत. असं का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, वही सोडू नका. फक्त एक रकाना वाढवा : 'समोर कोण?'

दोघेही मुळात सेंटर, म्हणजे लाइनच्या मधले फॉरवर्ड. एकत्र ठेवले तर ती एक लाइन भयंकर होते, पण उरलेल्या तीन लाइनी पातळ पडतात. वेगळे केले की कोडं समोरच्या कोचला पडतं : आपली सर्वांत भक्कम बचावजोडी कुणावर सोडायची? एका गोलने मागे असताना, तिसऱ्या पिरियडमध्ये, दोघे बहुतेक वेळा एकत्र येतात. तुमची यादी तिथेच चुकते. शिवाय खेळ थांबल्यावर खेळाडूंचा शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमान संघाचा. त्यामुळे सामना घरचा की बाहेरचा, तेही लिहा. बाहेर असताना मॅकडेव्हिडसमोर कोण उभं राहणार, हे समोरचा कोच ठरवतो.

आता बचाव. मी ठाण्यात वाढलो, आपली मैदानी हॉकी खेळलो, डावा हाफ. आपल्याकडे सगळ्यांची स्टिक उजव्या हाताचीच. डावखुरी स्टिक नियमातच बसत नाही. त्यामुळे समोरचा फॉरवर्ड नेमका माझ्या डाव्या अंगाने निसटायचा आणि मी रिव्हर्सवर, म्हणजे स्टिक उलटी वळवून, धडपडायचो. गुडघ्यावरचे डाग अजून आहेत. बर्फावर मात्र डावी-उजवी दोन्ही स्टिक चालतात, म्हणून कोच शक्यतो एक डावा, एक उजवा अशी जोडी लावतो. रिंकच्या उजव्या कडेच्या फळीला घासत पक (चेंडूच्या जागची रबरी चकती) आला, की उजव्या हाताच्या खेळाडूचं पातं फळीकडेच असतं. तो थेट फोरहँडवर घेतो आणि मान वर करून पास देतो. तिथे डावा असेल तर त्याला बॅकहँडने पक ओढावा लागतो, तोवर अंगावर माणूस आलेला असतो. २०२४च्या प्लेऑफमधली (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमधली) एडमंटनची एकहोम-बुशार्ड जोडी बघा. एकहोम डावा, बुशार्ड उजवा. बुशार्ड पुढे जाऊन जोरदार फटके मारणार, एकहोम मागे राखण करणार. अशी भट्टी जमायला महिने लागतात. कोण उगाच मोडेल?

दुसऱ्या पिरियडवर विशेष लक्ष ठेवा. बाजू बदलल्यामुळे आपला बेंच, म्हणजे बदली खेळाडू बसतात ती जागा, आपल्या गोलपासून लांब जातो. पाऊण मिनिटाची शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) दीड मिनिटावर गेली, तरी दमलेल्या जोडीला सुटका नाही. आणि बदलताना घाई केली तर ठाणे स्टेशनवर होतं तेच : उतरणारा उतरायच्या आत चढणारा घुसला, की बर्फावर माणसं जास्त. फरक इतकाच, तिथे दोन मिनिटांची शिक्षा होते.

२०२४च्या फायनलचं एखादं रेकॉर्डिंग मिळालं तर लावा. दहा मिनिटं मॅकडेव्हिडकडे बघू नका (अवघड आहे, कळतंय मला). फक्त २ (बुशार्ड) आणि १४ (एकहोम) नंबर बघा. २ पुढे गेला, की १४ कुठे सरकतो ते वहीत लिहा.