रानासाठी दान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : राष्ट्रीय उद्यानाला लागून आमची वडिलोपार्जित जमीन आहे. ती उद्यानालाच द्यावी असं घरात ठरतंय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : घेणाऱ्यापासून. फुकट मिळणारी जमीनही सरकार घेईलच असं नाही. तेलसम्राटाचे वारस जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रँड टीटन पर्वताच्या पायथ्याशी दान देण्यासाठीच जमीन घ्यायला सुरुवात केली. स्थानिक विरोध असा, की ती सरकारच्या नावावर व्हायला १९४९ उजाडलं. तेव्हा ही जमीन स्वीकारता येईल का, हे उद्यान प्रशासनाला आधी लेखी विचारा. होकार आला की मोजणी, मालकीचा शोध, बोजा, वहिवाटीच्या वाटा. बहुतेकांच्या नजरेतून सुटतात ते खनिजाचे हक्क. ते दुसऱ्याच्या नावावर असतील तर दान होऊनही तिथे खाण निघू शकते. वारसांपैकी एकाची सही राहिली तरी काम अडतं, हे सांगायला नकोच.

जमिनीसोबत सांभाळण्याचा खर्चही द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्याच मेन राज्यात २०१६ मध्ये उद्योजिका रॉक्सन क्विंबी यांच्या संस्थेने सुमारे ८७,५०० एकर जंगल दिलं, सोबत २ कोटी डॉलरचा कायम निधी दिला आणि आणखी तेवढाच उभारण्याचं वचनही. निधीचा हिशेब सोपा आहे. मुद्दल टिकवायचं तर वर्षाला ४ टक्क्यांच्या आसपासच खर्च करायचा, म्हणजे वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम लागते. गस्त, हद्दीच्या खुणा, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) आणि उपऱ्या, म्हणजे बाहेरून येऊन फोफावलेल्या, झुडपांची काढणी यांना वर्षाला १ लाख लागत असतील, तर निधी २५ लाखांचा. उपरी झुडपं एकदा काढून भागत नाही. मातीतलं बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं आणि निधी कमी पडतो तो नेमका इथेच.

प्रश्न : त्यापेक्षा जमीन स्वतःकडेच राखली तर?

उत्तर : राखता येते, पण खासगी मालकीचं सक्तीने संपादन होऊ शकतं. कॅलिफोर्नियातल्या विल्यम केंट यांच्या रेडवुड या उंच वृक्षांच्या दरीवर १९०७ मध्ये हीच वेळ आली. एका पाणी कंपनीला तिथे धरण हवं होतं आणि तिने संपादनाचा दावा लावला. केंट यांनी २९५ एकर थेट केंद्र सरकारला देऊन टाकले आणि ९ जानेवारी १९०८ ला ते म्यूर वूड्स राष्ट्रीय स्मारक झालं. कंपनीचा डाव फसला.

सरकारही उद्या हेतू बदलू शकतं, म्हणून दानपत्रात वापराची अट घालावी. मात्र ‘एकही झाड तोडू नये’ असली अट नको. तिच्यामुळे जाळरेषाही काढता येत नाहीत.

प्रश्न : माझी देणगी लहान आहे. झाडं लावायला देऊ का?

उत्तर : शक्यतो नको. मूळच्या गवताळ रानात झाडं लावली की गवतावर जगणारे प्राणीपक्षी हटतात. त्यापेक्षा उद्यानाशी लेखी करार असलेल्या संस्थेला दरमहा थोडी रक्कम द्या, तीही कामाची अट न घालता. फलक आणि मनोऱ्यांसाठी देणगीदार मिळतात. गस्तीच्या गाडीचं इंधन आणि रोजंदारी भागवायला मिळत नाहीत. देण्याआधी लेखापरीक्षित ताळेबंद मागवा आणि मागच्या वर्षीच्या देणग्यांपैकी किती रक्कम अखर्चित पडून आहे, ते त्यात पाहा.