रात्री बाहेर फ्लॅश लावून मॉडेलचे फोटो काढले की मागचं सगळं काळं का येतं?

तुम्ही लिहिलंय की मरीन ड्राइव्हवर मैत्रिणीचा पोर्टफोलिओ शूट केला, चेहरा पांढराफटक आला आणि मागचे दिवे पार गायब झाले. कॅमेरा ऑटोवर आणि फ्लॅश कॅमेऱ्याच्याच डोक्यावर होता. नवा कॅमेरा घ्यायचा विचार तूर्त सोडा. मी गेली काही वर्षं रात्रीचे पोर्टफोलिओ शूट करतो, आणि माझेही सुरुवातीचे फोटो याच कारणाने वाया गेले होते.

फ्लॅश कमी पॉवरवर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ पेटतो. त्यामुळे शटर १/२०० सेकंद उघडं ठेवा की १/२५ सेकंद, चेहऱ्यावर फ्लॅश तेवढाच पडतो. मागचे दिवे मात्र शटर उघडं असेपर्यंत साठत राहतात. १/२०० वरून १/२५ वर आलात की मागचं दृश्य आठपट उजळतं आणि चेहरा जवळजवळ तसाच राहतो. फ्लॅशची ताकद वाढवून मागचं उजळत नाही. मॉडेल फ्लॅशपासून २ मीटरवर आणि भिंत ८ मीटरवर असेल, तर भिंतीला मॉडेलच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच उजेड मिळतो. समुद्रापलीकडच्या दिव्यांचं तर विचारूच नका.

म्हणून मी आधी फ्लॅश बंद ठेवतो. मॅन्युअल मोड (सगळं हाताने ठरवायचं), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.८, शटर १/३०. मॉडेलला उभं करून एक फोटो काढतो. त्यात मॉडेल काळपट दिसली तरी चालेल, मागचे दिवे डोळ्यांना दिसतात तसे यायला हवेत. ते जमले की मगच फ्लॅश सुरू करायचा, आणि त्यानंतर शटरला हात लावायचा नाही. चेहरा फक्त फ्लॅशच्या पॉवरने जुळवायचा. अंब्रेलामधून (उजेड मऊ करणारी छत्री), दीड-दोन मीटरवरून मी १/६४ पॉवरपासून, म्हणजे पूर्ण ताकदीच्या चौसष्टाव्या हिश्श्यापासून, सुरुवात करतो. एवढा कमी उजेड पुरतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही, पण काढून बघा.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवाच. साधा रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून, वायरशिवाय पेटवणारं यंत्र) आणि स्टँड पुरे. फ्लॅश बाजूला, डोक्यापेक्षा थोडा वर घेतला की नाकाची, गालाच्या हाडाची सावली पडते आणि चेहऱ्याला आकार येतो. लाल डोळेही टळतात. समुद्राच्या वाऱ्यात अंब्रेला शिडासारखी फुगते, तेव्हा स्टँड धरायला कुणीतरी हवंच.

आता रंग. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांखाली त्याने चेहरा निळसर, परका वाटतो, जणू तो दुसऱ्याच फोटोतून कापून चिकटवलाय. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग) ३२०० केल्विनच्या आसपास ठेवा. त्वचा नैसर्गिक येते, रस्त्याचे दिवे उबदार राहतात आणि सूर्यास्तानंतरचं आकाश गडद निळं होतं. मला स्वतःला हा निळा रंग फार आवडतो. दिवे पांढरे एलईडी असतील तर अर्धं जेल लावून बघा किंवा जेल काढूनच टाका.

१/३० वर एक अडचण येते. मॉडेल दिव्याच्या खांबाखाली उभी असेल आणि जरा हलली, तर खांद्याकडेला भुतासारखी दुसरी कड उमटते. तिला दोन पावलं अंधारात घ्या. ओढणी उडवायची असेल तर रिअर कर्टन सिंक (शटर बंद होण्याच्या जरा आधी फ्लॅश पेटवणारी सेटिंग) वापरा, म्हणजे हालचालीची रेघ ओढणीच्या मागे राहते.

मॉडेलचाही विचार करा. अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, त्यात एकदम फ्लॅश पडला की तिचे डोळे मिटतात. एक छोटा एलईडी दिवा शेजारी सतत चालू ठेवा. तिला त्रास कमी होतो आणि कॅमेऱ्यालाही फोकस सापडतो. पण तो मंद ठेवा, नाहीतर पुन्हा तीच भुताची कड. फ्लॅशचं तोंड रस्त्यावरच्या गाड्यांकडे कधीच नको. कमर्शियल शूट असेल तर परवानगी आधी काढा.

आणि रात्री नऊला जाऊ नका. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा साडेपाचला पोहोचा, स्टँड लावा, फ्लॅशची चाचणी घ्या. साधारण ६.२० ते ६.४५ या वेळात आकाशात निळाई असते आणि दिवेही लागलेले असतात. तुमचे चांगले फोटो त्याच पंचवीस मिनिटांत निघतील.