मोठ्या ब्रुअरीत जाऊ का छोटीत, असं विचारलंस म्हणून

भावा, तुझा प्रश्न वाचून गप बसणार होतो, पण बसवेना. तू पुण्यात मायक्रोब्रुअरीत (छोट्या बिअर कारखान्यात) आहेस, व्हीएसआयमधनं (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) एमएस्सी झालीय, अमेरिकेत ओरेगॉनला पुढं शिकून तिकडंच नोकरी धरायची आहे, आणि मोठ्या क्राफ्ट ब्रुअऱ्या छोट्या गावांत प्लांट टाकतात तर तिथं जावं का गावातल्या छोट्या ब्रुअरीत, एवढं विचारलंस. वर शेवटी हळूच 'एकटं वाटतं का' पण टाकलंयस. फी, फॉर्म, बँक बॅलन्स हे सगळं साइटवर आहे, ते मी सांगत नाही.

मी आपल्याकडं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. बायकोला नॉर्थ कॅरोलायनात अ‍ॅशव्हिलला फिजिओची नोकरी लागली, मी तिच्या व्हिसावर आलो. मळीचा ब्रिक्स (साखरेचं माप) बघणारा माणूस वर्टचा, म्हणजे बिअर व्हायच्या आधीच्या गोड रसाचा, प्लेटो बघायला लागला, आकडा जवळपास तोच. फक्त इथं डिग्रीवाला पण केग (बिअरची पिंपं) धुतो. मॅश टनमधला (धान्य गरम पाण्यात भिजवायच्या टाकीतला) गरम भुसा फावड्यानं ओढून बाहेर काढायचा, दुपारी शेतकरी ट्रेलर घेऊन येतो आणि तो गायींसाठी घेऊन जातो. पहिल्या आठवड्यात टाक्या धुवायचं कॉस्टिक हातावर उडलं तेव्हा कारखान्यातला एसीतला लॅब लय आठवला.

आता मोठ्या ब्रुअऱ्यांचं. अ‍ॅशव्हिल म्हणजे लाखाच्या आतलं डोंगरातलं गाव. ऑस्कर ब्लूज 2012 मध्ये जवळच ब्रेव्हर्डला आली, कॅलिफोर्नियाची सिएरा नेव्हाडा 2014 ला मिल्स रिव्हरला, कोलोरॅडोची न्यू बेल्जियम 2016 ला थेट नदीकाठी. कारण सरळ आहे, बिअर म्हणजे बहुतेक पाणीच, ते थंड ट्रकमधनं पार देश ओलांडून आणायचं भाडं परवडत नाही आणि आयपीए नावाच्या कडवट बिअरचा हॉप्सचा (तिच्यात घालतात त्या फुलांचा) वास काही महिन्यांत उतरतो. त्यात इथलं पाणी मऊ, टुरिस्ट दाबून. लोकांना वाटलं आता छोटे मेले. तसं झालं नाही, पण जे झालं ते कुणी पेपरात नीट लिहीत नाही. इथं ब्रुअरी, मग डिस्ट्रिब्युटर, मग बार, अशी तीन पायऱ्यांची सिस्टीम. छोट्याला स्वतः माल पोचवता येतो, पण ठराविक बॅरलपर्यंतच (एक बॅरल म्हणजे साधारण 117 लिटर). पुढं गेलास की डिस्ट्रिब्युटरच्या ट्रकवर शंभर लेबलांतलं एक लेबल तू, आणि सेल्समन ज्याचा खप जास्त त्याचंच नाव आधी घेणार. बारमध्ये बारा नळ असतील तर दोन मोठ्यांचे, आणि आता ते पण 'लोकल' म्हणून, कारण इथंच बनतंय ना. कर्नाटकातला गूळ मार्केट यार्डात कोल्हापुरी म्हणून विकतात म्हणून आपले गुऱ्हाळवाले बोंब मारतात, तसलंच हे.

पण खरं बोलायचं तर मोठ्यांनी गावाचं वाटोळं केलं असं मी म्हणणार नाही. लॅब, यीस्ट सांभाळायची शिस्त, कॅनिंग लाईनचे मेकॅनिक हे त्यांच्यामुळं आलं. माझा आत्ताचा हेड ब्रुअर तिथनंच शिकून आलाय.

तुझ्यासाठी मुद्दा वेगळा आहे. वाईट दिवस आले की दुसरा प्लांट पहिला जातो. कॅलिफोर्नियाच्या ग्रीन फ्लॅश ब्रुअरीनं 2016 ला व्हर्जिनिया बीचला उघडला, 2018 ला बंद. तिकडच्याच स्टोननं बर्लिनला घातला तो 2019 ला स्कॉटलंडच्या ब्रूडॉगला विकला. ओरेगॉनच्या डेशूट्सनं व्हर्जिनियातच रोआनोकला जागा घेतली आणि ब्रुअरी कधी उभीच राहिली नाही. कॅलिफोर्नियाच्याच लागुनिटासचा शिकागोचा प्लांट 2014 ला सुरू झाला, 2024 ला काम परत कॅलिफोर्नियाला. आणि 2024 मध्ये अमेरिकेत उघडलेल्यांपेक्षा बंद झालेल्या ब्रुअऱ्या जास्त होत्या. गाववाला असला तर तो उद्या दुसरीकडं चिकटतो, तुझं ओपीटी (शिकून झाल्यावर विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी) असलं की 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. म्हणून मोठी का छोटी हे विचारूच नको. मुलाखतीत विचार की हा प्लांट किती टक्के क्षमतेवर चालतो, मालकी गेल्या पाच वर्षांत बदलली का, आणि दुसऱ्यांची बिअर इथं कॉन्ट्रॅक्टवर बनते का. टाक्या रिकाम्या असतील तर हॉल कितीही चकाचक असू दे, पाय ठेवू नको.

कागदाचं एकच सांगतो कारण अजून डोकं तापतं. माझं वर्क परमिटचं कार्ड रिन्यूला टाकलं, वेळेत टाकलं. तेव्हा त्याला ऑटोमॅटिक मुदतवाढ मिळायची म्हणत (2025 च्या ऑक्टोबरअखेर नव्या अर्जांना तीही बंद झाली), पण ती आय-नाइंटीफोरच्या, म्हणजे इथं किती दिवस राहता येईल त्या नोंदीच्या, तारखेपर्यंतच, आणि माझ्यासारख्यांचं कार्ड आणि आय-नाइंटीफोर एकाच दिवशी संपतं, मग ती मुदतवाढ काय चाटायची? टाकीत बिअर अर्धी झालेली, आणि मला सांगितलं सोमवारपासनं येऊ नको. कार्ड आलं तोवर माझ्या जागी दुसरा. त्या मधल्या काळात मी घरी बसून पोळ्या शिकलो, चांगल्या येतात आता.

आणि पोरीची शाळा. प्रवेशाच्या फॉर्मवर विचारलं घरी कुठली भाषा बोलता, आम्ही मराठी लिहिलं. झालं, तिची इंग्लिशची टेस्ट आणि मग रोज वर्गातनं उठवून वेगळ्या खोलीत. इंग्लिश मीडियमची पोरगी, लाजाळू म्हणून टेस्टमध्ये गप बसली, एवढंच. इथल्या एका गुजराती बाईंनी सांगितलं पुढच्या वेळी 'इंग्लिश' लिहा. बायको म्हणाली अजिबात नाही. मी मधे. पोरगी आता घरी पण मराठीत कमीच बोलते आणि मला अजून त्या फॉर्मचा राग येतो, बायकोला नाही येत, यावरनं आमचं वाजतं.

एकटेपणा, होतो. सवय होते. पुढं.

नाही, थांब, खरं सांगतो. आबा गल्लीत सांगतात पोरगा फूड कंपनीत आहे. मी फोनवर कधी दुरुस्त केलं नाही. 2024 च्या सप्टेंबरात हेलीन वादळ आलं, गावाचं पाणी नोव्हेंबरपर्यंत प्यायच्या लायकीचं नव्हतं, ब्रुअरी बंद. आबांनी विचारलं कंपनीला काय झालं, मी म्हटलं पूर आला. पुराचं त्यांना लगेच कळलं, पंचगंगा 2019 मध्ये आमच्या दारापर्यंत आलेली. बिअरचं मात्र तेव्हा पण नाव निघालं नाही. गणपतीला तुझ्या घरचे लोकांना काय सांगणार हे तू निघायच्या आधी बघ, कारण इथनं फोनवर ते सुटत नाही.

ऑफर आली की लेटरमध्ये कुठल्या प्लांटचं नाव आहे ते बघ आणि मला पाठव. लग्न ठरतंय म्हणालास, तर बायकोला कुठल्या व्हिसावर काम करता येईल ते तारीख काढायच्या आधी तिला सांग.