सोहळ्याआधीच्या चार गोष्टी

प्रिय बाय,

तू ध्वनीचं काम केलेला सिनेमा यंदा गोवा राज्य चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत आहे, हे कळलं. अभिनंदन! साडी कुठली नेसू, ते आईला विचार. मला कामाचं बोलायचंय.

पुरस्काराची संध्याकाळ दोन-तीन तासांत आटोपते. स्पर्धेतले कोकणी आणि मराठी सिनेमे दाखवतील ते मात्र बघ, एकही चुकवू नकोस. आपली बरीच मंडळी स्वतःचा खेळ संपला की चहाला म्हणून बाहेर पडतात, ती परत आत फिरकत नाहीत. मग निकालानंतर परीक्षकांच्या नावानं शिमगा. दुसऱ्याचं काम पाहिलंच नाही, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

जिंकलीस तर हुरळून जाऊ नकोस. गोव्यात सिनेमे बनतात मोजके, त्यामुळे एखाद्या विभागात तोडीचं दुसरं कुणी नसण्याचीही शक्यता असते. वासरांत लंगडी गाय शहाणी! कडू लागेल, पण हे आजच सांगितलेलं बरं. 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘नाचूंया कुम्पासार’ सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला. तो मान भाषेच्या विभागातला. त्याच सिनेमासाठी अपर्णा रैना यांना निर्मिती आरेखनाचा, म्हणजे सेट आणि एकूण दृश्यरचनेचा, पुरस्कार मिळाला, तो देशभरातल्या सगळ्या भाषांच्या कामाशी टक्कर देऊन. त्याआधी 2009 मध्ये ‘पळतडचो मनीस’ या कोकणी सिनेमानं टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचं पारितोषिक मिळवलं होतं. तुझं काम या मापानं मोज.

आता तुझ्या ध्वनीबद्दल. तू पाठवलेली प्रत हेडफोन लावून दोनदा ऐकली. पहाटेच्या प्रसंगात पोदेराचा, सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंपू आधी लांबून, मग अगदी खिडकीखालून आणि मग वळणापलीकडून ऐकू येतो. सायकल पडद्यावर दिसतच नाही, तरी अख्खा वाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. ही समज शिकवून येत नाही. पण रात्रीच्या प्रसंगात आजी बोलायला लागली की कौलांवरचा पाऊस एकदम दबतो, कुणी नळ बंद करावा तसा. लॅपटॉपवर ते खपून जातं, मोठ्या हॉलमध्ये उघडं पडेल. आता प्रत बदलता येणार नाही, निदान ऐकून तरी ठेव.

खेळाआधी डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायची सिनेमाची डिजिटल प्रत, पाच मिनिटं चालवून बघायला मिळेल का, ते विचार. संवाद मधल्या स्पीकरमधून येतायत का, मागचे स्पीकर चालू आहेत का, एवढं तपासलं तरी पुष्कळ. प्रोजेक्शनच्या माणसाशी गोड बोल. त्या दिवशी सगळे त्याच्यावर डाफरत असतात. खेळाला मात्र कलाकारांच्या घोळक्यात पुढे बसू नकोस, शेवटच्या रांगेत जा. लोक कुठे चुळबुळ करतात, कुठे शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ विचारतात, ते तिथून कळतं.

नाव पुकारलं तर मंत्र्यांचे आणि देवांचे आभार मानायला बाकीचे आहेतच. तू आधी बूम, म्हणजे लांब काठीवरचा माईक, धरणाऱ्या पोराचं नाव घे, पूर्ण नाव, आडनावासकट. भर पावसात हात वर करून तो उभा होता.

नाही पुकारलं, आणि नंतर परीक्षकांपैकी कुणी भेटलं, तर निकालाचा विषय काढू नकोस. त्या रात्रीच्या पावसाबद्दल विचार. मी तो हेडफोनवर ऐकलाय, त्यांनी हॉलमध्ये.

तुझा,
काका